अवतरणचिन्हांतली बोली : ‘वातावरणनिर्मिती’ या संज्ञेविषयी काही विचार

पदव्युत्तर वर्गांत कादंबरी शिकविताना आजही बहुधा तीन स्वतंत्र मथळे योजले जातात : वातावरणनिर्मिती, स्वभावरेखन आणि भाषाशैली. प्रश्नपत्रिका याच मथळ्यांनुसार निघतात आणि उत्तरेही त्याच क्रमाने लिहिली जातात. या विभागणीची सोय कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्यामुळे एक समज रूढ झाला आहे : वातावरण आणि पात्रे आधी सिद्ध होतात व भाषा मागाहून त्यांच्यावर चढविली जाते, असा. ग्रामीण आणि प्रादेशिक कादंबरीच्या विवेचनात या समजाने विशेष हानी केली आहे. ‘बोलीच्या वापरामुळे वातावरण जिवंत झाले आहे’ हे विधान बोली असलेल्या कोणत्याही कादंबरीला लागू पडते. त्यामुळे ते कोणत्याच कादंबरीविषयी काही सांगत नाही.

बोली आहे की नाही, याहून ती कोठे थांबते हे पाहणे अधिक फलदायी ठरते. बहुसंख्य ग्रामीण कथांत ती अवतरणचिन्हांपाशी थांबते. पात्रे बोलीत बोलतात, निवेदक प्रमाण मराठीत सांगतो. ही केवळ मांडणीची सोय नव्हे. सांगणाऱ्याची भाषा एक व जगणाऱ्याची दुसरी असली, की वाचक सांगणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो आणि तेथून पात्राकडे पाहू लागतो. ग्रामीण विनोदी कथेने या अंतराचा मनसोक्त उपयोग करून घेतला. तेथे ‘न्हाई’ आणि ‘हुतं’ ही रूपे उच्चारली जाताच हशा अपेक्षित असतो. पात्राने काय म्हटले, हे नंतर.

मात्र एवढ्यावरून अवतरणचिन्हांतली बोली सदोषच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (1955) या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीतच आहे आणि धनगरांचे बोलणे माणदेशी. तरीही येथे अंतराचा अर्थ वेगळा होतो, कारण निवेदक हा कोणी अनाम, सर्वज्ञ गृहस्थ नाही. तो वाडीवर नेमलेला तरुण मास्तर आहे. प्रमाण मराठी ही त्याची नोकरी आहे. ती वाडीच्या पोरांना शिकविण्यासाठीच तो आला आहे. त्याची आखूड, संयत, विशेषणांत कसर करणारी वाक्ये माळरानाचे वातावरण उभे करतात, असे नेहमी म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु तीच वाक्ये मास्तरचा स्वभावही घडवितात : भिडस्त, निरीक्षण करणारा, गुंतत जाणारा पण पूर्णपणे वाडीचा न झालेला. कारभारी किंवा आनंदा रामोशी बोलू लागले की निवेदनात एक निराळा श्वास येतो, आणि ते गप्प झाले की मास्तर पुन्हा आपल्या भाषेत एकटा उरतो. दुष्काळात वाडी उठते, तेव्हा या रचनेचे सामर्थ्य ध्यानात येते. माणसे गेली म्हणजे त्यांची बोलीही पानांवरून गेली, आणि मागे राहिली ती केवळ मास्तरची भाषा. ओसाडपणाचे यापेक्षा परिणामकारक वर्णन विशेषणांनी साधले नसते. (अमोल पालेकरांनी 1995 साली या कादंबरीवर चित्रपट केला. दृश्यमाध्यमात माळरान थेट दिसते. पण माणदेशी संवादांभोवती असलेली मास्तरच्या निवेदनाची चौकट त्या माध्यमात तशीच्या तशी आणणे जवळजवळ अशक्य असते. कादंबरीतले वातावरण कशाचे बनलेले होते, ते अशा माध्यमांतराच्या वेळी समजते.)

याच्या उलट टोकाला आनंद यादवांची ‘गोतावळा’ (1971) आहे. तेथे अवतरणचिन्हांची भिंतच काढून टाकली आहे. नारबा या शेतगड्याने आपल्या कोल्हापुरी बोलीत आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच सांगितलेली ही हकिगत. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि गुरेढोरे निघून जाऊ लागतात. समीक्षक या अनुभवाला ‘यांत्रिकीकरणाची शोकांतिका’ म्हणतात. नारबाच्या शब्दसंग्रहात ‘यांत्रिकीकरण’ हा शब्द नाही आणि असणे शक्यही नाही. त्याच्यापाशी आहेत ती नात्यांची नावे. शीर्षकातला शब्द मुळात सोयऱ्याधायऱ्यांसाठी वापरायचा. तो येथे बैल, म्हशी, कुत्री यांना लागतो. ज्याला लग्न नाही, घर नाही, अशा माणसाने नात्याचा शब्द जनावरांवर खर्च करावा, यात त्याचे सारे चरित्र आले. अमूर्त नामांचा अभाव हे येथे भाषेचे दारिद्र्य ठरत नाही. दुःखाला नाव देता न आल्यामुळे ते एकेका जनावराच्या जाण्यात विखरून राहते, आणि कादंबरीवर साचत जाणारी उदासी तेथून येते.

तथापि बोलीतले अखंड निवेदन म्हणजे पात्राशी एकरूपतेची हमी, असेही नव्हे. ‘गोतावळा’त काही ठिकाणी निसर्गाची वर्णने नारबाच्या तोंडी जरा अधिक सजलेली वाटतात. शब्द त्याचे, पण पाहणारा डोळा कवीचा, असा भास होतो. यादव प्रथम कवी होते, हे येथे आठवते. बोलीचे व्याकरण अचूक असूनही संवेदनस्वभाव उसना असू शकतो, आणि शैलीविज्ञानाच्या तक्त्यांत हा उसनेपणा सापडत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) उभी आहे, आणि अभ्यासकांचे सर्वांत कमी लक्ष गेले आहे ते नेमके तिच्या निवेदनाकडे. निवेदन तृतीयपुरुषी, संवाद वऱ्हाडी. म्हणजे वरवर पाहता रूढ साचाच. पण शेळक्यांचा निवेदक कौतिकपासून दूर जाऊन तिच्याविषयी बोलत नाही. तिच्या घरातल्या, चुलीपुढच्या, मजुरीच्या कामाच्या वस्तू तो त्यांच्या तिथल्याच नावांनी सांगतो आणि त्यावर भाष्य करीत नाही. कौतिकचे बोलणेही तसेच : विचारणे, बजावणे, पैशाचा हिशेब करणे. दैन्याविषयी व्यापक विधान करण्याइतकी फुरसत तिच्या वाक्यांना मिळत नाही. नवऱ्याचा निष्क्रियपणा, पुढे त्याला जडलेला महारोग, मुलाच्या शिक्षणाची उमेद हे सारे या हिशेबी वाक्यांतून जाते. अशा बाईचे मन अखेरीस ढळते, तेव्हा वाचकाला बसणारा धक्का तिच्या तोवरच्या भाषेने तयार केलेला असतो. ‘धग’मधले वऱ्हाडी वातावरण आणि कौतिकचे स्वभावरेखन असे दोन प्रश्न वेगळे काढले, तर दोन्ही उत्तरे अर्धवटच राहतील.

ही चर्चा बोलीपुरतीच आहे, असेही मानण्याचे कारण नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (1963) ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांची मोजदाद पुष्कळ झाली. पण हे शब्द आले कोठून, याचा विचार क्वचितच होतो. ते व्याख्यानाचे आणि उत्तरपत्रिकेचे शब्द आहेत. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकराला शिक्षणाने जी भाषा दिली, तिच्यातले दोन भरीचे शब्द तो स्वतःच्या आयुष्यालाच लावतो. आपले आयुष्य हे कशाचे तरी एक उदाहरण, आणि उरलेले वगैरे. पोकळपणाची भावस्थिती आणि पांडुरंगाचा बचावात्मक स्वभाव ही एकाच हालचालीत सिद्ध होतात. धाकट्या मनीच्या मृत्यूच्या प्रकरणात ही ढाल त्याला पुरी पडत नाही. त्या प्रकरणाची दाहकता या आधीच्या सवयीच्या पार्श्वभूमीवरच जाणवते.

उलटपक्षी जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांतील पात्रे एकसारखीच बोलतात, असा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला जातो. वस्तुस्थिती म्हणून तो बऱ्याच अंशी मान्य करावा लागेल. परंतु ‘काजळमाया’ (1972) किंवा ‘पिंगळावेळ’मधील (1977) उपमांनी लगडलेली भाषा त्या त्या पात्राची खासगी मालमत्ता नाहीच, ती सर्वांवर सारखीच पसरलेल्या नियतीची भाषा आहे. तेथे वैयक्तिक लकबी शोधणे म्हणजे ‘कोसला’त निसर्गवर्णन शोधण्यासारखे आहे.

वर्गात या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. विदर्भातील महाविद्यालयात ‘धग’वर उत्तर लिहिणारा विद्यार्थी घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असेच बोलत असतो. परीक्षेत मात्र ‘लेखकाने वऱ्हाडी बोलीचा चपखल वापर करून प्रादेशिक रंग भरला आहे’ असे लिहायला तो शिकतो, आणि त्याला गुण मिळतात. आपल्या आईची भाषा हा दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रातला रंग आहे, हे त्या वाक्याचे गृहीतक त्याला कोणी दाखवून देत नाही. मार्गदर्शिकांतले हे वाक्य तो पाठ करतो, आणि पुढे अध्यापक झाल्यावर तेच फळ्यावर लिहितो. त्याऐवजी एका साध्या प्रश्नाने आरंभ करता येईल : ‘धग’मधील एखादा परिच्छेद घेऊन त्यातले निवेदकाचे शब्द कोणते आणि कौतिकच्या घरातले कोणते, हे त्याने रेघ मारून दाखवावे. बऱ्याच ठिकाणी त्याची पेन्सिल अडखळेल.