विश्लेषण : मार वाचला, पण नेम चुकला? शिकागो बेअर्सच्या प्रशिक्षकांनी केलेब विल्यम्ससाठी योग्य डाव मांडला का?

अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स याच्यावर २०२४ च्या हंगामात ६८ ‘सॅक’ झाले. म्हणजे पास फेकण्याआधीच त्याला ६८ वेळा पाडण्यात आले. नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन आले आणि २०२५ मध्ये हा आकडा २४ वर उतरला. संघ ५ विजयांवरून ११ विजयांवर गेला. मात्र याच काळात विल्यम्सच्या पासची अचूकता वाढण्याऐवजी घसरली. मग जॉन्सन यांची रचना यशस्वी म्हणायची का?

विल्यम्स अडचणीत का आला?

महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च ‘हाइसमन’ पुरस्कार मिळवलेल्या विल्यम्सला बेअर्सने २०२४ च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतले. पहिल्या सहापैकी चार सामने जिंकल्यावर संघ सलग १० सामने हरला. नोव्हेंबरमध्ये आधी आक्रमणाचे समन्वयक शेन वॉल्ड्रन यांना आणि त्यानंतर मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांना हटवण्यात आले. नवख्या खेळाडूला एकाच हंगामात दोनदा नव्या माणसाकडून डाव शिकावा लागला. त्यात समोरची संरक्षक फळी कमकुवत. शिवाय फेकायला कोणी मोकळे नसले तरी चेंडू धरून ठेवायचा आणि पळत वाट काढायची, ही विल्यम्सची महाविद्यालयापासूनची सवय. तिथे ती खपून गेली, एनएफएलमध्ये अंगलट आली.

जॉन्सन यांनी काय बदलले?

जॉन्सन हे डेट्रॉइट लायन्सचे आक्रमण समन्वयक होते. जानेवारी २०२५ मध्ये ते बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. सर्वात ठळक बदल क्वार्टरबॅकच्या जागेचा होता. महाविद्यालयात विल्यम्स बहुतेक वेळा ‘शॉटगन’ पद्धतीने, म्हणजे चेंडू देणाऱ्या ‘सेंटर’पासून काही यार्ड मागे उभा राहत असे. जॉन्सन यांनी त्याला अनेकदा सेंटरच्या अगदी पाठीशी उभे केले. तिथून धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती चेंडू दिल्याचा बनाव अधिक खरा वाटतो. बचावपटू त्या धावणाऱ्याकडे झेपावतात आणि क्वार्टरबॅकला मोलाचा एखादा क्षण मिळतो. हा बनाव चालायचा तर धाव खरोखर धोकादायक हवी. डीआंद्रे स्विफ्ट आणि सातव्या फेरीत निवडलेला नवोदित काइल मोनांगाय यांनी ती बाजू सांभाळली.

गॉफचा साचा विल्यम्सला बसला का?

डेट्रॉइटमध्ये जॉन्सन यांचा क्वार्टरबॅक होता जॅरेड गॉफ. गॉफ फारसा पळत नाही. जागेवर उभा राहून, ठरलेल्या पावलांनी, ठरलेल्या क्षणी तो चेंडू सोडतो. २०२४ मध्ये त्याचे ७२ टक्क्यांहून अधिक पास यशस्वी ठरले. विल्यम्सकडून ७० टक्क्यांची अपेक्षा जॉन्सन यांनी हंगामाआधीच जाहीरपणे बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात तो ५८.१ टक्क्यांवर थांबला. आदल्या वर्षीच्या ६२.५ टक्क्यांपेक्षाही खाली. म्हणजे गॉफचा साचा जसाच्या तसा बसला नाही. मात्र जॉन्सन यांनी त्याचा हट्टही धरला नाही. विल्यम्सला कडेला पळत जाऊन फेकता येईल असे डाव त्यांनी भरपूर ठेवले.

अचूकता घसरली, तरी संघ कसा जिंकला?

यशस्वी पासची टक्केवारी एक गोष्ट लपवते. दबावाखाली मुद्दाम मैदानाबाहेर फेकलेला चेंडूही अपयशी पास म्हणूनच मोजला जातो. त्याने टक्केवारी घटते, पण सॅक टळतो, जागा गमवावी लागत नाही आणि शरीरावरचा मारही वाचतो. विल्यम्सचे २७ पास ‘टचडाऊन’ ठरले, तर केवळ ७ प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. ३,९४२ यार्डांसह त्याने बेअर्सचा १९९५ पासूनचा एरिक क्रेमरचा विक्रम मोडला. तरीही एका हंगामात ४,००० यार्ड गाठणारा क्वार्टरबॅक न मिळालेला बेअर्स हा लीगमधील एकमेव संघ राहिलाच.

श्रेय एकट्या प्रशिक्षकांचे का?

नाही. संरक्षक फळीत जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डॅलमन असे तीन अनुभवी खेळाडू आणले गेले. कॉल्स्टन लव्हलँडसारखा उंच, भरवशाचा नवोदित झेलकरी मिळाला. बेअर्सच्या बचावफळीने लीगमध्ये सर्वाधिक वेळा चेंडू हिसकावला, त्यामुळे आक्रमणाला जास्तीच्या संधी मिळाल्या. सॅक घटण्यात डाव किती आणि माणसे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

पुढची परीक्षा कोणती?

जानेवारी २०२६ मधील लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात या रचनेच्या दोन्ही बाजू दिसल्या. अर्धे मिनिटही उरले नसताना विल्यम्सने मागे मागे पळत फेकलेला चेंडू कोल कमेटने टचडाऊनसाठी झेलला आणि बरोबरी साधली. अतिरिक्त वेळेत मात्र विल्यम्सचाच पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला आणि बेअर्स १७-२० असे हरले. पहिली करामत कोणत्याही फळ्यावर आखून शिकवता येत नाही. हंगामभर अशाच करामतींच्या भरवशावर राहणे मात्र धोक्याचे असते.

तेव्हा पहिल्या वर्षापुरते उत्तर ‘होय’ असेच आहे. जॉन्सन यांनी आधी विल्यम्सला मारापासून वाचवले आणि त्याची उत्स्फूर्तता मारली नाही. मात्र हे निम्मे काम आहे. सोपे, जवळचे पास वेळेवर सोडण्याची शिस्त अजून यायची आहे. २०२६ चा हंगाम संपल्यावर विल्यम्सच्या करारवाढीचा प्रश्न संघापुढे येऊ शकतो. तोपर्यंत सॅक कमी राहून टक्केवारी साठीच्या वर गेली, तर रचना योग्य होती असे ठामपणे म्हणता येईल. ती तिथेच अडकली, तर प्रश्न प्रशिक्षकांच्या डावाकडून क्वार्टरबॅककडे वळेल.