हातभर अंतरावरचे अक्षर : आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन.

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला आणि त्याच्या पथकांमुळे चष्म्याची गरज असलेली मुले शाळेतच हेरली जाऊ लागली, हे निर्विवाद आहे. तथापि शालेय नेत्रतपासणीचा भर आजही बहुधा स्नेलेन यांच्या १८६२ मधील अक्षरतक्त्यावर, म्हणजे एकेक डोळा झाकून दूरचे अक्षर ओळखण्यावर असतो, आणि दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात हा प्रश्न त्यात येतच नाही.

जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, यास अभिसरण म्हणतात. ते पुरेसे न होणे किंवा न टिकणे ही अभिसरण-न्यूनता होय. असे मूल तक्त्याची शेवटची ओळ बिनचूक वाचते, मात्र पुस्तकाच्या अर्ध्या पानावर आल्यावर ओळी दुहेरी दिसू लागल्याने एक डोळा तळहाताने झाकते, तीच ओळ पुन्हा वाचते आणि कपाळ चोळते. तक्रार ते सहसा करीत नाही, कारण सर्वांनाच असे दिसत असावे अशी त्याची समजूत असते; प्रगतिपुस्तकात मात्र ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा पडतो, आणि त्यात तो लिहिणाऱ्याचाही फारसा दोष नाही.

पेन्सिलीचे टोक हळूहळू नाकाकडे आणताना ते साधारण सहा सेंटिमीटरपेक्षा बरेच दूर असतानाच दुहेरी दिसू लागले किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर मुलास नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे पाठवावे, एवढी भर पथकांच्या कामात घालणे बिनखर्चाचे आहे. उपचार मात्र तितके सोपे नाहीत : अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२१ मुलांवरील चाचणीत बारा आठवड्यांच्या दवाखान्यातील व्यायामांनी सुमारे ७३ टक्के मुलांना गुण आला, तर घरच्या घरी केलेल्या पेन्सिल-व्यायामाने ४३ टक्क्यांना, म्हणून केवळ सूचनापत्रक हाती देऊन भागणार नाही. शिवाय २०१९ च्या पुढील चाचणीत अशा उपचारांनी वाचनाचे आकलन दिखाऊ उपचारांपेक्षा अधिक सुधारल्याचे आढळले नाही. त्यामुळे डोळ्यांच्या व्यायामांनी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-अक्षमता, बरा करण्याची जाहिरातबाज हमी आणि ही मागणी यांची गल्लत होऊ नये.

पथक येण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी डोळा झाकून वाचणाऱ्या, ओळ चुकणाऱ्या आणि वाचताना डोके दुखणाऱ्या मुलांची नावे नोंदवून ठेवावीत, असे परिपत्रक काढण्याची विनंती आहे.

कळावे.