हजेरी अजून चालू आहे



हजेरी बंद झाली असं कोण म्हणतो?

१८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो आपल्या मुलखातही आला. पारधी, कैकाडी, भामटा, बेरड यांचं पोर जन्मलं की गुन्हेगार. माणूस नाही, जात पकडायची. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण. ठसे घ्यायचे, हजेरी लावायची. १९५२ ला कायदा गेला. नाव दिलं विमुक्त. आणि १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. फौजदाराच्या कपाटातली वही जागची हलली नाही. आजही चोरी झाली की जीप पाटलाच्या वाड्यावर जात नाही. पालावर जाते.

आता तीच वही कॉम्प्युटरात शिरते आहे. २०२२ च्या नव्या कायद्यानं कुठल्याही गुन्ह्यात अटक झालेल्याचे ठसे, फोटो, डोळ्याची बुबुळं घेता येतात. नोंद राहते ७५ वर्षं. म्हणजे विसाव्या वर्षी मोर्चात धरलेला पोरगा पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत त्यांच्या दप्तरात. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगून टाकलं, चेहरा ८० टक्के जुळला की आम्ही जुळला धरतो. उरलेले २० टक्के कुणाच्या पाठीवर? ज्याला वकील नाही, त्याच्या.

सुधारणावाले म्हणतात, यंत्र अचूक करा, समिती नेमा. आम्ही म्हणतो, अचूक यंत्र जास्त वाईट. चुकणारा डोळा एखाद्या वेळी आपल्याला सोडेल तरी. अचूक डोळा नेमका पालावर येईल, कारण त्याच्यापुढं ठेवलेली यादीच पालाची आहे. आधी यादी फाडा, मग कॅमेऱ्याचं बोला.

कागद आपल्या बाजूनंही आहेत. २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बोट ठेवलं, की दलित, आदिवासी, विमुक्तांची निरपराध माणसं नुसत्या जन्मामुळं हिस्ट्रीशीटमध्ये चढवली जातात. राज्यांनो, धोरण तपासा. बरं, तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात ती वही कुणी उघडली? तुम्ही विचारलंत?

नाही विचारलं. कारण पारध्याचं पाल आपलं नाही, असं आपल्यातलेही मनात म्हणतात. मोर्चात बाबासाहेबांचं नाव आणि पालाजवळून जाताना नाकाला रुमाल! ही लाज आधी धुवा.

मग कामाला लागा. निकालाची प्रत घेऊन ठाण्यात जा. कुणाची हिस्ट्रीशीट कोणत्या कारणानं उघडली, लेखी मागा. २०२२ च्याच कायद्यात आहे, की आधी शिक्षा न झालेला माणूस शेवटच्या अपिलापर्यंत निर्दोष सुटला, तर त्याची नोंद नष्ट केली पाहिजे. कोर्टानं कारण देऊन ठेवायला सांगितली तर गोष्ट वेगळी. अशा प्रत्येक पोरासाठी अर्ज टाका. दहा नाही, शंभर टाका.

ते आपल्यावर नजर ठेवतात ना? आता आपण त्यांच्या वहीवर नजर ठेवू.

जय भीम.