पुस्तक छापलं, पण नथ जमली का?

सोन्याने २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला आणि ‘लग्नासाठी एखादी ठुशी करून ठेवू’ हे वाक्य बऱ्याच घरांतून बाद झालं. दुसरीकडे तांब्या-पितळेची तार, मोती, कापड, टेराकोटा यांपासून हाताने केलेले दागिने ट्रॅडिशनल डेपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसतायत. ते बनवणाऱ्यांत आपल्याच वयाचे खूप जण आहेत. आधी इन्स्टावर पेज, मग शनिवार-रविवारचं वर्कशॉप आणि मग पुढचा प्रश्न येतो: ‘या सगळ्याचं पुस्तक काढू का?’

अशा पुस्तकाला प्रकाशक मिळणं अवघड, कारण पानोपानी रंगीत फोटो आणि वाचक मोजके. त्यामुळे स्वतःच छापायचा पर्याय समोर येतो. तो सोपा झालाय हे खरंच आहे. पण नेमकं काय सोपं झालंय आणि काय अजून तितकंच कठीण आहे, हे पैसे भरण्याआधी पाहिलेलं बरं.

फुकट काय, विकत काय

सगळ्यात आधी आयएसबीएन. पुस्तकाचा हा तेरा आकडी क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून, म्हणजे राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून, मोफत मिळतो. लेखक स्वतःच्या नावानेही अर्ज करू शकतो. तरीही एखाद्या ‘पब्लिशिंग पॅकेज’मध्ये त्याचे वेगळे पैसे लावलेले दिसले, तर कशाचे ते जरूर विचारा. शिवाय क्रमांक कंपनीने तिच्या नावावर घेतला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून नाव तिचं लागतं, तुमचं नाही.

छपाईचे दोन मार्ग आहेत. ऑफसेटला चार रंगांच्या प्लेट्स कराव्या लागतात. तो खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींनाही तेवढाच, म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीची किंमत उतरते. पण न खपलेले गठ्ठे घरी पलंगाखाली जाऊन बसतात. डिजिटल छपाईत किंवा मागणीनुसार छपाईत (चेन्नईची नोशन प्रेस, बंगळुरूची पोथी डॉट कॉम यांच्याकडे ही सोय आहे) दहा प्रतीही निघतात. फक्त रंगीत पानामागचा दर जास्त पडतो आणि आपलं पुस्तक तर सगळंच रंगीत!

त्यात कागद महागलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुस्तकांच्या छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. छापील पुस्तकावर मात्र जीएसटी नाही. ऐकायला छान वाटतं, पण पुस्तक करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो भार शेवटी प्रतीच्या खर्चातच येतो.

टपालाचंही गणित बदललंय. पुस्तकं स्वस्तात पाठवायची रजिस्टर्ड बुक पोस्ट ही सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तर पाच किलोपर्यंत १०० रुपये असा ठरला, कर वेगळा. मात्र व्यापारी स्वरूपाची किंवा जाहिराती असलेली प्रकाशनं तिच्यात बसत नाहीत. म्हणजे मणी विकणाऱ्या दुकानाची जाहिरात घेऊन छपाईचा खर्च काढायचा बेत असेल, तर टपालाची सवलत हातची जाऊ शकते.

मग ई-बुकच काढलं तर? किंडलवर मराठी ई-बुक चालतं. तिथे ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय घेतला, तर भारतातल्या विक्रीवर दर एमबीमागे सात रुपये ‘डिलिव्हरी’चे कापतात. कादंबरीला हे जाणवत नाही, कारण ती एक-दोन एमबीची असते. फोटोंनी भरलेलं पुस्तक सहज ४० एमबीचं होतं. समजा किंमत ३९९ रुपये ठेवली. त्यातले २८० डिलिव्हरीत गेले, उरलेल्या ११९ चे ७० टक्के म्हणजे हातात साधारण ८३ रुपये. ३५ टक्क्यांच्या पर्यायात डिलिव्हरीची कपात नाही, तिथे सुमारे १४० मिळतात. दोन्ही आकडे कराआधीचे. जाहिरातीतला मोठा टक्का दर वेळी मोठी रक्कम देतोच असं नाही.

तंत्र कुणाच्या मालकीचं?

दुसरी भीती चोरीची. ‘मी पद्धत लिहिली आणि कुणी तिचा व्हिडीओ केला तर?’ कायद्याचं उत्तर फारसं दिलासा देणारं नाही. कॉपीराइट तुमच्या शब्दांना, फोटोंना, आकृत्यांना मिळतो. कल्पनेला आणि पद्धतीला मिळत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. तुमचा परिच्छेद जसाच्या तसा उचलला तर दाद मागता येईल. तार तशीच वळवली म्हणून नाही.

नव्या डिझाइनची गोष्ट वेगळी आहे. डिझाइन्स अॅक्ट, २००० खाली नोंदणी करायची, तर ते डिझाइन आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. म्हणजे स्वतःच्याच पुस्तकात आधी छापलं, तर नोंदणीचा रस्ता आपणच बंद केला. जे पेंडंट हा आपला व्यवसाय आहे, त्याची आधी नोंदणी करायची किंवा ते पुस्तकाबाहेर ठेवायचं. पुस्तकात द्यायचं ते शिकवण्यासाठी.

आणि जे आपलं नाहीच त्याचं काय? ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, नथ यांचे घाट कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. पण दागिने गाठवणं हे पटवेकरांचं पिढीजात काम आहे आणि चांदीकामावर कोल्हापूरजवळच्या हुपरीसारखं गाव उभं आहे. अशा कारागिराकडे चार दिवस बसून गाठ शिकायची आणि मुखपृष्ठावर ‘माझं तंत्र’ लिहायचं, याला कायदा अडवणार नाही. पण हे ज्ञान हातात आहे, कागदावर नाही आणि ते कागदावर पहिल्यांदा कुणाच्या नावाने येतं याला महत्त्व आहे. कारागिराचं नाव त्यांना विचारून छापायचं, शिकवण्याचे पैसे द्यायचे आणि जमलं तर सहलेखक करायचं, एवढं तर आपल्या हातात आहे. इथे प्रकाशक आपणच असल्यामुळे तो निर्णयही आपलाच.

खरी परीक्षा २० गेजची

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ. रीलमध्ये हात दिसतो, त्यामुळे शब्द चुकले तरी चालून जातं. पुस्तकात हात दिसत नाही. ‘२० गेजची तार घ्या’ हे वाक्य बघा. अमेरिकन मापात २० गेज म्हणजे सुमारे ०.८१ मिमी. आपल्याकडे रुळलेल्या ब्रिटिश मापात तोच आकडा ०.९१ मिमी. मोत्याचं छिद्र ०.८५ मिमीचं असेल, तर एक तार आरपार जाते आणि दुसरी अडकते. वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. खरं तर पुस्तकात मिमी लिहायचं राहिलेलं असतं.

मराठीला याचा चांगला अनुभव आहे. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापात पाककृती दिल्या. त्यामुळे स्वयंपाकाचा गंध नसलेल्यांनाही त्या करून बघता आल्या. दागिन्यांच्या पुस्तकालाही अशीच मापं हवीत: तार मिमीमध्ये, तुकड्याची लांबी सेंटिमीटरमध्ये, मोत्यांची संख्या, प्रत्येक वळणाचा फोटो, डाग देताना हवा किती खेळती पाहिजे आणि बिघडलं तर कुठून उसवायचं. पुस्तक टेबलावर उघडं राहायला हवं, कारण करणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. स्पायरल बाइंडिंगमध्ये ते राहतं, पण कपाटात लावल्यावर कण्यावर नाव दिसत नाही म्हणून दुकानदार नाक मुरडतो. विक्री मुख्यतः वर्कशॉपमध्ये होणार असेल, तर दुकानदाराच्या नाकाची काळजी कशाला करायची?

प्रकाशन संस्थेत हे सगळं तपासायला संपादक असतो. स्वप्रकाशनाच्या पॅकेजमध्ये मुखपृष्ठ असतं, प्रूफ तपासणीही मिळते, पण ‘करून बघणारा’ माणूस नसतो. म्हणून छापायला देण्याआधी कच्ची प्रत अशा दोघांना द्यायची, ज्यांनी कधी पक्कड धरलेली नाही. समोर बसायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. ते जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण करायची आणि ते पान पुन्हा लिहायचं. मुखपृष्ठाच्या डिझाइनवर खर्च करायचे थोडे पैसे या दोघांच्या सामानावर आणि दुसऱ्यांदा काढाव्या लागणाऱ्या फोटोंवर घालवले, तर पहिल्या पन्नास प्रती घेणारे पुढच्या पन्नास जणांना पुस्तकाचं नाव सांगतील.