विश्लेषण : अमरावतीत जन्मलेले भगवानदादा मारधाडपटांचे नायक कसे झाले? आणि होतं नव्हतं ते कसं गेलं?

चांदूर रेल्वे : ‘अलबेला’तले कमरेला हलका झोका देत नाचणारे भगवानदादा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याआधी जवळपास २० वर्षं ते पडद्यावर मारामाऱ्या करत होते आणि त्यांचा जन्म आपल्या अमरावतीचा, हे अनेकांना माहीत नसतं. त्यांचा प्रवास थोडक्यात समजून घेऊ.

भगवानदादा कोण होते?

पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावती. वडील कापडगिरणीत कामगार. भगवान वाढले मुंबईच्या दादर-परळच्या गिरणगावात. कुस्ती आणि सिनेमा ही दोन वेडं तिथलीच. मूकपटांच्या अखेरच्या काळात छोट्या भूमिकांतून ते पडद्यावर आले.

मारधाडपटच का?

१९३५ च्या ‘हंटरवाली’ने नाडियाला स्टार केलं आणि स्टंटपटांना मोठा प्रेक्षक असल्याचं दाखवून दिलं. हा प्रेक्षक मुख्यतः कामगारवस्तीतला आणि लहान गावांतला. त्याला लांबलचक संवादांपेक्षा हाणामारी आणि विनोद हवा होता. भगवानदादांनी हेच ओळखलं. १९३८ मध्ये ‘बहादूर किसान’चं सहदिग्दर्शन केल्यावर पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी कमी खर्चाचे स्टंटपट काढले. १९४२ मध्ये निर्मितीत उतरले, १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला.

या धंद्यात धोका किती होता?

१९४२ च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड ललिता पवार यांना इतकी जोरात बसली की चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचार तीन वर्षं चालले, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या, पुढे त्या खाष्ट सासूच्या भूमिकांसाठी ओळखल्या गेल्या. खोटी थप्पड खरी वाटावी म्हणून आज अॅक्शन दिग्दर्शक, सराव आणि कॅमेऱ्याचा कोन असं सगळं असतं. तेव्हा भिस्त कलाकाराच्या अंदाजावरच होती.

‘अलबेला’नंतर काय बिघडलं?

राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवानदादा सामाजिक चित्रपटाकडे वळले. गीता बाली नायिका, सी. रामचंद्र यांचं संगीत. १९५१ चा ‘अलबेला’ तुफान चालला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला आणि दारात सात गाड्या आल्या.

अडचण इथेच होती. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच माणूस. चित्रपट चालला तर सगळा नफा त्याचा, पडला तर सगळं कर्जही त्याचंच. त्याच मंडळींना घेऊन काढलेला ‘झमेला’ (१९५३) चालला नाही. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला ‘हँसते रहना’ पूर्णच झाला नाही. बंगला, गाड्या, स्टुडिओ विकावे लागले. मग ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’सारख्या चित्रपटांत छोट्या भूमिका आणि पुढे तर गाण्यात दोन मिनिटं नाचण्यापुरतं काम. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीत त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.

आज त्यांचे स्टंटपट कुठे बघायचे?

बहुतेक बघायलाच मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेणारी, शिवाय चालून झालेला स्टंटपट जपावा असं कुणाला वाटत नसे. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर बरंच नष्ट झालं होतं.

वऱ्हाडाला यात काय?

चित्रपट व्यवसायात ‘सीपी-बेरार’ हे वितरण क्षेत्र आजही आहे आणि अमरावती त्यातलं महत्त्वाचं केंद्र. म्हणजे वऱ्हाडाच्या तिकीटबारीची नोंद धंद्यानं कायम ठेवली. वऱ्हाडात जन्मलेल्या या नायकाचं मात्र अर्धं काम हरवलं. त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चरित्रपट आला तो २०१६ मध्ये, मृत्यूनंतर १४ वर्षांनी. चांदूर रेल्वेहून मुंबईची गाडी पकडून पडद्यावर झळकायचं स्वप्न बघणारी पोरं आजही आहेत. त्यांच्यासाठी भगवानदादांच्या आयुष्यातले दोन धडे सरळ आहेत : एका यशावर सगळी पुंजी लावू नका आणि केलेल्या कामाची प्रत स्वतःजवळ ठेवा.