एल्मेटच्या सेरेटिकवरील विषप्रयोगाचा आळ

आजच्या लीड्स शहराच्या परिसरात सातव्या शतकाच्या आरंभी एल्मेट नावाचे ब्रिटन लोकांचे, म्हणजे अँग्लो-सॅक्सनांच्या आधीपासून तेथे नांदणाऱ्या केल्टिक भाषकांचे, छोटेसे राज्य होते. तेथील राजा सेरेटिक याने आश्रयाला आलेल्या हेररिक या राजपुत्राला विष घातले, म्हणून हेररिकचा आप्त असलेल्या नॉर्थम्ब्रियाच्या एडविनने त्याला हाकलले आणि ते न्याय्यच झाले, असा निवाडा अलीकडे एका विद्वानांनी मोठ्या थाटात दिला आहे.

या निवाड्याला साक्षीदार मात्र नाही. सुमारे 731 मध्ये लिहिणारा इंग्लिश मठवासी इतिहासकार बीड एवढेच सांगतो, की ब्रिटनांच्या राजाकडे परागंदा अवस्थेत राहत असताना हेररिक विषप्रयोगाने मेला. विष कोणी दिले, हे तो सांगत नाही. ब्रिटनांना दूषणे देण्यात एरवी कसूर न करणारा हा लेखक जेथे गप्प बसतो, तेथे विद्वानांना गुन्हेगाराचे नाव कोणत्या दिव्यदृष्टीने दिसले, ते त्यांनाच ठाऊक! हेतूच शोधायचा तर एथेलफ्रिथकडे पाहावे: एडविनच्या घराण्याला परागंदा करणाऱ्या या राजाने एडविनचाही जीव घेण्यासाठी पूर्व अँग्लियाच्या रेडवाल्डकडे पैशाचे आमिष घेऊन पुनःपुन्हा दूत धाडले, हे बीडच लिहितो. परक्या दरबारातील आश्रिताला संपवण्याची ही रीत ज्याच्या नावावर नोंदलेली आहे, त्याला मोकळे सोडून यजमानालाच धरायचे, ही पाहुणा मेला की घरधन्याला बेड्या ठोकणारी जुनी खोड आहे. एडविनने सेरेटिकला हुसकावल्याची नोंद सुमारे 830 च्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या ग्रंथात आहे आणि तीत सुडाचा उल्लेखही नाही. शतकाच्या अंतराने लिहिलेल्या दोन नोंदींमधला कार्यकारणाचा सांधा सर्वस्वी विद्वानांच्या कारखान्यातला आहे.

एल्मेटची नाणी नाहीत, म्हणून ते राज्यही नगण्य, हा विद्वानांचा दुसरा आक्षेप. नाणी एथेलफ्रिथनेही पाडली नव्हती; मग त्याचे राज्यही नगण्यच म्हणायचे काय?

एल्मेटची ओळख राजाबरोबर पुसली गेली नाही. ‘ट्रायबल हायडेज’ या अँग्लो-सॅक्सनकालीन यादीत एल्मेटवासीयांच्या नावे 600 हाइड आहेत. हाइड म्हणजे एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती धरलेली जमीन, कर आकारण्याचे एकक. शेरबर्न-इन-एल्मेट आणि बारविक-इन-एल्मेट ही गावे आजही ते नाव वागवतात. सेरेटिक थोर होता, असे यावरून ठरत नाही; परंतु उपलब्ध पुराव्यावर तो हद्दपार झालेला राजा ठरतो, खुनी नव्हे.