शेवटच्या दिवसाचं काय करायचं?

सहलीच्या शेवटच्या दिवशी काहीही नवीन बघायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घरात ते कुणालाच पटत नाही. नवऱ्याला तर अजिबात नाही. त्याच्या वहीत 'राहिलेलं' असं एक पान असतं. शेवटच्या दिवशी सकाळी ते उघडून तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघतो आणि म्हणतो, "परत कधी येणं होतंय!" टूरवाल्यांचंही साधारण हेच. सकाळी एक देऊळ, मग दोन तास खरेदी, मग थेट विमानतळ. माणूस विमानात बसतो तेव्हा आपण निघालोय हेच त्याला कळलेलं नसतं. पाय तेवढे दुखत असतात.

एखादा देश नुसता पाहायला गेलो असू तर एकवेळ चालेल हे. पण जिथे जीव गुंतलाय तिथून असं धावतपळत निघू नये.

माझा जीव कुठे गुंतलाय हे इथे नेहमी येणाऱ्यांना (आणि ऐकून ऐकून कंटाळलेल्या नातेवाइकांना) वेगळं सांगायला नको. 2006 ते 2008 नोकरीनिमित्त ओसाकात राहिले. मग 2016 मध्ये पंधरा दिवस जाऊन आले. आणि 2024च्या नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन गेले. आई बहात्तरची. "गुडघे मात्र सत्याऐंशीचे," असं तीच म्हणते.

शेवटचा दिवस क्योतोत होता. विमान संध्याकाळचं, ओसाकाच्या कानसाई विमानतळावरून. 'राहिलेलं'च्या पानावर सगळ्यात वर किन्काकुजी, म्हणजे ते सोन्याच्या मुलाम्याचं प्रसिद्ध देऊळ. (मूळचं 1950 मध्ये जाळलं गेलं, आत्ताचं 1955 मध्ये पुन्हा बांधलेलं.) मी ते पाहिलंय, आईने नाही. इथे माझं मत जरा अडचणीत येतं, कारण 'राहू दे, पुढच्या वेळी' हे म्हणायला पुढची वेळ असावी लागते. मी चाळिशीत आहे, मला म्हणायला काय जातं? म्हणून ठरवायचं आईवर सोडलं. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "देऊळ फोटोत पाहिलंय. मला त्या संगमावर बसायचंय."

संगम म्हणजे देमाचीचा. ताकानो आणि कामो या दोन नद्या तिथे मिळतात आणि मधे त्रिकोणी जमिनीचं टोक राहतं. पात्रात एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला मोठे दगड टाकलेत, त्यातले काही चक्क कासवाच्या आकाराचे. आमचं राहायचं ठिकाण तिथून पाच मिनिटांवर, त्यामुळे चार दिवस येता-जाता आईने तो संगम पाहिला होता, पण बसणं झालं नव्हतं. पोरं कासवांवरून उड्या मारत होती, एक बगळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करून उभा होता. वर घारी. तिथल्या घारी माणसाच्या हातातलं खाणं उचलून नेतात, तशा पाट्याच लावल्यात. आईने पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि मग दीड तास आम्ही काहीही केलं नाही. नवऱ्याने वही दोनदा उघडून मिटली.

मग जवळच्या छप्पर घातलेल्या बाजारगल्लीत गेलो. ही पर्यटकांची नाही, रोजची. टोफूवाला, मासेवाला, भाजीवाला. आईने तिथले मुळे पाहून (लहान मुलाच्या मांडीएवढे असतात) त्यांची किती भाजी होईल याचा हिशेब केला. चार दिवसांत मी तिला बागा दाखवल्या, तोरी दाखवल्या, पण तिच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त ओळख दिसली ती त्या भाजीवाल्यापुढे. यात्सुहाशीचं तर तिला पहिल्याच घासात कळलं होतं. क्योतोची ही मिठाई तांदळाच्या पिठीची, वाफवलेली, आत लाल घेवड्याचं गोड सारण. "ही मोदकाची उकड आहे. नारळाऐवजी घेवडा, वेलदोड्याऐवजी दालचिनी." मी दोन वर्षं खात होते, मला हे सुचलं नव्हतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, बाईला तिथलं सगळंच गोड लागतं. तसं नाही. खरं तर राहायला होते तेव्हा मला जपान एवढा आवडत नव्हता. भाड्याचं घर घ्यायला हमीदार शोधा, वर घरमालकाला 'रेइकिन' नावाची कधीही परत न मिळणारी रक्कम द्या, कोणत्या वारी कोणता कचरा ते पाठ करा, रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसा. प्रेम वाढलं ते परत आल्यावर. परतीचं तिकीट खिशात असताना प्रेम करायला सोपं जातं. आणि ते एकतर्फीही आहे. गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत 2024च्या एप्रिलपासून पर्यटकांना बंदी केली, दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावल्या. ती पाटी माझ्यासाठीही आहे. मला थोडी भाषा येते, मी इथे राहिलेय, हे पाटीला कुठे माहीत? शेवटच्या दिवशी निवांत बसलं की हेही दिसतं, म्हणून तो दिवस मला हवा असतो. देवळामागून देऊळ बघत सुटलं की 'माझा जपान, माझा जपान' करत माणूस घरी येतो.

असो. तर सामान घेऊन निघालो. घर चालवणाऱ्या आजी दाराबाहेर आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, आईला जपानी. चार दिवस दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. आई नेहमीप्रमाणे मराठीत म्हणाली, "येते हं." आपण 'जाते' म्हणत नाही ना. आणि आजी म्हणाल्या, "इत्तेराश्शाई."

'सायोनारा' आपल्याला हिंदी गाण्यामुळे माहीत, पण जपानी माणसं तो शब्द रोजच्या बोलण्यात फारसा वापरत नाहीत, त्यात कायमचं निघाल्याची छटा आहे. घरातून बाहेर पडणारा म्हणतो 'इत्तेकिमास', अक्षरशः 'जाऊन येतो'. घरातला म्हणतो 'इत्तेराश्शाई', 'जाऊन ये'. आजी हे रोज सकाळी म्हणायच्या, आम्ही भटकायला निघालो की. त्या दिवशीही तेच म्हणाल्या. मी दोघींना एकमेकींच्या वाक्याचा अर्थ सांगितला नाही. गरज वाटली नाही. आम्ही वळणावर पोचेपर्यंत त्या हात हलवत उभ्या होत्या. तिथे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत उभं राहायची रीतच आहे. आईच्या माहेरी पाहुण्याला एसटीच्या फाट्यापर्यंत पोचवायला जायचे, तिला त्यात नवल वाटलं नाही. ती तीनदा वळली.

क्योतोहून विमानतळाची गाडी साधारण सव्वा तास घेते. शेवटी पावणेचार किलोमीटरचा पूल, दोन्ही बाजूंना समुद्र, मग ते भर घालून केलेलं बेट. स्टेशनवर उतरल्यावर आईने पर्समधून तिचं इकोका कार्ड काढलं. हे रेल्वेचं कार्ड, गेटला टेकवायचं. नावात शब्दखेळ आहे, ओसाकाकडच्या बोलीत 'इको का' म्हणजे 'जायचं का?' घेताना पाचशे येन अनामत ठेवतात, कार्ड परत केलं की मिळते. दहा वर्षं अजिबात वापरलं नाही तर कार्ड बाद. माझं 2006चं आहे. 2016 मध्ये गेटला टेकवलं तर आठ वर्षांपूर्वीची शिल्लक दिसली होती. तेव्हा तिथे उभ्या उभ्या रडू आलं होतं, हे पूर्वी लिहिलंय.

"हे परत द्यायचं ना?" आईने विचारलं.

"राहू दे की. दहा वर्षं चालतं."

"दहा वर्षं," आई म्हणाली आणि हसली. खिडकी कुठे आहे ते तिनेच पाहून ठेवलं होतं. शिल्लक ठेवली तर कापून घेतात हेही तिला माहीत होतं, म्हणून क्योतो स्टेशनवरच चहाची बाटली आणि बिस्किटं घेऊन तिने कार्ड शून्यावर आणलं होतं. हिशेबाला आई पक्की. खिडकीतल्या मुलाने दोन्ही हातांनी पाचशेचं नाणं दिलं. नवीन नाणी दुरंगी आहेत, आपल्या दहाच्या नाण्यासारखी. तेव्हा आपले पावणेतीनशे रुपये होत होते.

मला वाटलं, आठवण म्हणून ठेवेल. तिने ते माझ्या हातात दिलं. "तुझ्या कार्डात भर. पुढच्या वेळी आलीस की त्या नदीवर माझ्याकडून चहा पी."

मी मशीनपुढे उभी राहिले. पाचशेचं बटण दाबलं. नाणं आत गेल्याचा आवाज आला. मला काही बोलता येईना, तेव्हा नवराच म्हणाला, "आई, किन्काकुजी राहिलं पण." तर ती म्हणाली, "तुझ्या वहीत आहे ना? मग झालं."

विमान हलल्यावर खाली कर्मचारी ओळीने उभे राहून हात हलवतात. खिडकीशी आई होती. तीही हलवत होती, चांगला वेळ.

(यात्सुहाशी जेमतेम दहा दिवस टिकते आणि कधीच संपली आहे. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांनी मोठ्या मामांकडे चौकशी करावी. त्यांच्याकडे दोन खोके दिले होते.)